न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सामना पाहण्यासारखे वेगळे काय आहे?

मुलाकडे अमेरिकेला आलेले असताना सुपरडोममध्ये सेंट्स संघाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहायला पैसे खर्च करावेत, की तो टीव्हीवरच पाहावा, असे आपण विचारले आहे. मी ह्यूस्टनला राहतो आणि अधूनमधून सेंट्सच्या सामन्यांना जातो. माझे मत विचाराल तर जरूर जावे, आणि तेही खेळापेक्षा तिथल्या आवाजासाठी.

१९७५ साली सुरू झालेल्या या स्टेडियमचा घुमट सुमारे २०७ मीटर व्यासाचा असून त्याखाली प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येणारा एकही खांब नाही. सत्तर हजारांवर माणसे एका छताखाली ओरडू लागली की आवाजाला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मात्र क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना इथली रीत सुरुवातीला उलटी वाटते. चेंडू सेंट्सकडे असतो तेव्हा प्रेक्षक बऱ्यापैकी शांत राहतात. प्रतिस्पर्ध्यांकडे गेला, की सारे उठून उभे राहतात आणि घसा फोडून ओरडतात. पाहुण्या संघाच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, सूचना त्याच्याच खेळाडूंना ऐकू जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू असतो. मग त्यांना खुणांवर काम चालवावे लागते: पुढच्या फळीतला गार्ड मान मागे वळवून क्वार्टरबॅककडे पाहतो आणि इशारा मिळताच शेजारच्या सेंटरला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणाऱ्या खेळाडूला, हाताने टपली मारतो. त्या गडबडीत एखादा खेळाडू वेळेआधी हलला, तर ‘फॉल्स स्टार्ट’ होऊन संघाला पाच यार्ड मागे जावे लागते, आणि ते पाच यार्ड आपणच मिळवून दिल्याच्या थाटात लोक टाळ्या पिटतात. टीव्हीवर समालोचन ऐकू यावे म्हणून हा आवाज बराच खाली आणलेला असतो.

या आवाजाला एक इतिहासही आहे. २००५ साली कॅटरिना चक्रीवादळात हजारो लोकांनी याच इमारतीत आसरा घेतला, छताचा काही भाग उडाला, आत अतोनात हाल झाले आणि सेंट्सना तो हंगाम बाहेरगावी खेळावा लागला. दुरुस्तीनंतर २५ सप्टेंबर २००६ रोजी सेंट्सच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, अटलांटा फाल्कन्सविरुद्ध, पहिला सामना झाला. तो सुरू होऊन दोन मिनिटेही झाली नव्हती, तोच सेंट्सच्या स्टीव्ह ग्लीसनने प्रतिस्पर्ध्यांची पंट, म्हणजे लाथेने चेंडू दूर मारण्याची चाल, अडवली, त्यावर टचडाउन (सहा गुणांची कमाई) झाले आणि पुढे सेंट्सनी २३–३ असा विजय मिळवला. ग्लीसनच्या त्या झेपेचा पुतळा बाहेर उभा आहे. आत जाण्यापूर्वी तो अवश्य पाहावा.

सामन्याच्या दिवशी दोन-तीन तास आधी पोहोचणे उत्तम, कारण स्टेडियमला लागूनच असलेल्या चॅम्पियन्स स्क्वेअरमध्ये वाद्यवृंद, खाणेपिणे आणि संघाच्या काळ्या-सोनेरी पोशाखातल्या लोकांच्या ‘हू डॅट’ या सेंट्स-समर्थकांच्या घोषणेच्या आरोळ्या असा सगळा माहोल असतो. पिशवी पारदर्शकच लागते. तिकीट शक्यतो वरच्या मजल्याचे घ्यावे. ते तुलनेने स्वस्त पडते, आणि खेळाडूंची मांडणी वरूनच नीट कळते, असे मला वाटते. नातवंडे बरोबर असतील तर कान झाकणारे हेडफोन न विसरता न्यावेत, आणि निवड करता आली तर फाल्कन्सविरुद्धचाच सामना निवडावा.