रिव्हिएर यांचा बर्फातला आयफेल टॉवर: लाकडी ठसा की शिळाछाप?

हिमवर्षावात छत्र्या धरलेली माणसे आणि मागे अर्धाच उभा राहिलेला आयफेल टॉवर, हे फ्रेंच चित्रकार आँरी रिव्हिएर यांचे चित्र जपानी पद्धतीच्या लाकडी ठशांचे आहे का, असे आपण विचारले आहे. ते शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेले (लिथोग्राफ) आहे. परंतु आपली शंका निराधार नाही.

जपानी चित्रकार होकुसाई यांच्या फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांवरून रिव्हिएर (१८६४-१९५१) यांनी टॉवरची छत्तीस दृश्ये योजली आणि १८८८च्या सुमारास कामाला हात घातला, तो लाकूड कोरूनच. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या निसर्गचित्रांसाठी तर ते ठसे स्वतः कोरत आणि स्वतःच छापत. टॉवरची मात्र दोनच दृश्ये लाकडात उतरली. कारण उघड आहे: १९०२ साली निघालेल्या पुस्तकाच्या ५०० प्रती होत्या आणि रंग पाच, म्हणजे छत्तीस चित्रांसाठी नव्वद हजार वेळा कागद दाबावा लागला असता. हे एकट्या माणसाचे काम नव्हे. अखेर मुद्रक यूजेन व्हर्नो यांच्याकडे ती शिळेवरून छापली गेली. (मुंबईत १८९४ साली निघालेला राजा रविवर्मांचा छापखानाही शिळाछपाईचाच होता.)

चुनखडीच्या घासलेल्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने रेखाटतात. ओल्या शिळेवर रूळ फिरवला की शाई फक्त त्या तेलकट भागालाच धरते, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते. या माध्यमात छायेच्या मृदू छटा सहज साधतात, तरीही रिव्हिएर यांनी रंग सपाट आणि कडा ठळक ठेवल्या, म्हणून डोळा फसतो. पॅरिसच्या ‘शा न्वार’ कॅबरेतील (करमणुकीच्या मद्यगृहातील) छायानाट्यांसाठी जस्ताच्या पत्र्याच्या आकृत्या वापरणाऱ्या या माणसाची नजरच तशी घडली असावी, असे मला वाटते. जपानला ते कधीच गेले नाहीत, हे विशेष.

आपल्याकडील प्रत भिंगाखाली धरून पाहावी. ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर ते अलीकडचे ऑफसेट पुनर्मुद्रण होय. रंग सलग असून कडेला खडूचे अनियमित कण दिसले, तर शिळाछाप असण्याची शक्यता बळावते. मूळ चित्रे पुस्तकात बांधलेली असल्याने सुटे पान बहुधा पुस्तक उसवूनच आलेले असते, तेव्हा डाव्या-उजव्या कडेला शिवणीच्या खुणा आहेत का, हेही तपासावे.