सोनोग्राफीत बघून सलाईनची सुई लावणं इंटर्नला जमलं की नाही, कसं ओळखायचं?

किती सुया लावल्या ते मोजू नका, हात बघा. मी लातूरकडं ज्युनियर पोरांना शिकवतो, पहिलं बघतो ते सुईचं टोक, कारण शीर आडव्या छेदात, म्हणजे गोल दिसत असताना स्क्रीनवरचा पांढरा ठिपका टोकच असंल असं नाही, सुईचा दांडा बी तसाच दिसतो, म्हणून प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा कातडीवर फिरवायचा भाग, जरासा पुढं सरकवायचा, ठिपका गायब झाला की मगच सुई पुढं. आधी प्रोबनं दाबून बघितलं का? शीर लगेच चपटी होते, धमनी सहज दबत नाही अन् धडधडते. शीर खोल असंल तर लांब कॅन्युला (सुईसोबत शिरेत जाऊन तिथंच राहणारी बारीक नळी) घेतला का हे बी बघा, आखूड घेतला की तो निसटतो, हात सुजतो अन् म्हाताऱ्या माणसाला पुन्हा टोचावं लागतं, ते बघवत नाही हो. सराव आधी चिकनच्या तुकड्यात पाणी भरलेली रबरी नळी घालून करून घ्या, पेशंट नंतर.