जूनमध्ये पारिया कॅन्यन : पाणी, पूर आणि बुटातली वाळू

प्रश्न : मुलगा अमेरिकेत फिनिक्सला असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे जण यूटा राज्यातल्या व्हाइट हाउस या वाटेच्या सुरुवातीपासून ॲरिझोनातल्या लीज फेरीपर्यंत पारिया कॅन्यन, म्हणजे पारिया नदीची खोल घळ, उतरायचा बेत करतोय. चार दिवस धरलेत. वाट नदीच्या पात्रातूनच आहे, मग पाणी कितीसं वाहायचं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पात्रात पाणी असतं, पण ते प्यायच्या हिशेबात धरू नका. गाळामुळे त्याचा रंग टपरीवरच्या चहासारखा असतो आणि असं पाणी थेट ओतलं की फिल्टर थोड्याच वेळात तुंबतो. शिवाय वरच्या अंगाला शेती आणि गुरं आहेत. फिल्टर जंतू अडवतो, पाण्यात विरघळलेली रसायनं अडवत नाही.

भिस्त झऱ्यांवर ठेवा. एकूण अंतर ३८ मैल, म्हणजे ६१ किलोमीटर. साधारण १२व्या मैलावर बिग स्प्रिंग, २२व्याच्या आसपास शॉवर स्प्रिंग आणि २५व्याच्या सुमारास नकाशात ‘लास्ट रिलायबल स्प्रिंग’ म्हणून दाखवलेला झरा. कड्यातून पाणी झिरपतं तिथे हिरवळ दिसते, ती बघत चला. हे पाणी स्वच्छ दिसलं तरी फिल्टर करूनच प्या.

पहिल्या दिवशी माणशी पाच लिटर घेऊन निघा आणि बिग स्प्रिंग गाठा. खरी परीक्षा शेवटच्या झऱ्यापुढे आहे. तिथून २० किलोमीटर झरा नाही, कॅन्यन रुंद होत जातो आणि सावली संपते. जूनमध्ये इथे पारा ३८ अंशांच्या वर जातो. म्हणून झऱ्यावर दुपार काढा, माणशी आठ लिटर भरा, संध्याकाळी पाचनंतर सात-आठ किलोमीटर चाला आणि मुक्काम करा. पहाटे फटफटताच निघून दहाच्या आत लीज फेरी. आठ लिटर म्हणजे पाठीवर आठ किलो. चार दिवसांचा शिधा तोवर संपत आलेला असतो, म्हणून जमतं.

अडीअडचणीला नदीचं पाणी घ्यावंच लागलं तर आपली तुरटी कामाला येते. घडीच्या बादलीत पाणी घ्या, तुरटीचा खडा सात-आठ वेळा फिरवा, तासभर हलवू नका. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घेऊन मग फिल्टर. खडा जास्त फिरवला तर पाणी तुरट लागतं, तेवढंच.

नुसतं पाणी पीत राहणं हीही चूक. घामातून मीठ जातं. वर पाणीच ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. लघवी पाण्यासारखी आणि वारंवार होत असूनही असं वाटू लागलं, तर आणखी पाणी देऊ नका, खारं खायला द्या. वागण्यात गोंधळ दिसला तर मात्र मदत मागवायची वेळ आली. दिवसाला ओआरएसची दोन पाकिटं, प्रत्येक लिटरभर पाण्यात, आणि दर तासाला मूठभर खारे दाणे. गूळपोळी, चिक्की हे ठीक, पण उन्हात गोड नकोसं होतं.

प्रश्न : आभाळ निरभ्र असेल तर पुराची भीती नाही ना? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आहे. पारियाचं पाणलोट थेट ब्राइस कॅन्यनच्या बाजूपर्यंत जातं. तिकडे ढग फुटला तर लोंढा तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा डोक्यावर ऊन असेल. १२ ऑगस्ट १९९७ला जवळच्याच अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस मैलोगणती दूर पडला होता.

जून त्या भागात कोरडा असतो. वळवासारखा पाऊस जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणून तुमचा आठवडा पुढे ढकलू नका. तरीही निघायच्या सकाळी तिथल्या हवामान खात्याचा पूर-अंदाज बघा. ‘नॉट एक्स्पेक्टेड’ असेल तरच आत शिरा. आमचं मत विचाराल तर त्याच्या पुढच्या ‘पॉसिबल’लाही थांबावं, कारण सुरुवातीच्या अरुंद पट्ट्यात कित्येक ठिकाणी चढून बसायला जागाच नाही. तंबू पात्रात नको, काठावरच्या उंच सपाट जागी लावा. पाणी अचानक गढूळलं, काटक्या वाहत आल्या किंवा घरघर ऐकू आली की सॅक गोळा करत बसू नका, वर चढा.

प्रश्न : बूट कोणते? आणि पुण्यात तयारी काय करू? – एक वाचक, धनकवडी

उत्तर : दिवसभर पाय पाण्यात. चामड्याचे किंवा वॉटरप्रूफ बूट नकोत, आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. जाळीचे, लवकर निथळणारे बूट आणि पातळ लोकरी मोजे घ्या. वाळू मोज्यात अडकून कातडी सोलते, म्हणून दर दोन तासांनी बूट काढून मोजे खळबळून घ्या. काठी हवीच. तिने पुढची वाळू टोचून बघा. गुडघ्यापर्यंत रुतलात तर झटका देऊ नका, मागे रेलून पाय हळूहळू हलवत सोडवा.

पुण्याचा एप्रिल-मे कोरडा तापतो, तो फुकट जाऊ देऊ नका. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पंधरवडाभर रोज तासभर उन्हात चाला आणि रविवारी दहा किलोंची सॅक घेऊन आतकरवाडीकडून सिंहगड करा.

आता कागदपत्रं. रात्रीच्या मुक्कामाचा परवाना रोज फक्त २० जणांना मिळतो, आधी तो घ्या, मगच विमानाचं तिकीट. शेकोटीला मनाई आहे आणि विष्ठाही पिशवीत भरून बाहेर आणावी लागते. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिथेच घ्या. मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र तिथेच भाड्याने घेऊन तिथेच परत करा, भारतात ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही. आणि गाडीवाल्याला वेळ सांगताना नीट सांगा : उन्हाळ्यात यूटाचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं.