मावळ्याचा वेश करायचाय? तलवार सगळ्यात शेवटी घ्या

रायगडावरच्या राज्याभिषेक सोहळ्यासाठी पथक उभं करताय आणि ऑनलाइन मिळणारा 'मावळा संपूर्ण सेट' घ्यावा की एकेक वस्तू करवून घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे. सेट घेऊ नका. सॅटिनचा अंगरखा, मोती चिकटवलेली तयार पगडी आणि स्टेनलेस स्टीलची तलवार एवढंच त्यात असतं. शाळेच्या गॅदरिंगला ठीक आहे.

तलवार शेवटी म्हटल्यावर पथकातली पोरं हिरमुसतील. पण बघणाऱ्याला आधी दिसतं ते कापड. हातमागाचं जाडसर सुती कापड ठोक घ्या आणि ओळखीच्या शिंप्याकडून बंदांचे अंगरखे शिवून घ्या. बटण, चेन, इलॅस्टिक काही नको. रंग पांढरट, निळीचा, नाहीतर मंजिष्ठेचा विटकरी लाल. कृत्रिम रंग 1856 नंतरचे, तेव्हा राणी कलर आणि भडक जांभळा दुकानातच राहू दे. नमुना म्हणून मालिका बघू नका, त्यात पेशवाईतल्या पगड्या शिवकाळात खुशाल वावरतात. ब्रिटिश म्युझियम आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधली सतराव्या शतकातली दख्खनी चित्रं नेटवर बघायला मिळतात, ती मोठी करून बघा. पागोटं बांधायला शिकावंच लागेल.

6 जूनला गडावर पाऊस गाठणारच, म्हणून खांद्यावर धनगरी घोंगडी हवीच. विकत घेताना एक दशी काढून जाळा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. वितळून गोळी झाली तर ॲक्रिलिक. पायात कोल्हापुरी, पण ओल्या पायऱ्यांवर चामड्याचा तळ सटकतो. चढताना बूट घाला, वर गेल्यावर बदला. तिथे कोणी गुण कापत नाही.

ढाल उलटी करून बघा. पुढची चार फुलं शोभेची नसतात, मागच्या कड्यांचे खिळे त्यातूनच आरपार आलेले असतात आणि मुठीचे पट्टे त्या कड्यांना बांधतात. फुलं नुसती चिकटवलेली आणि मूठ भलतीकडेच स्क्रूने बसवलेली दिसली तर परत ठेवा. आत बोटांच्या पेरांसाठी गादीही हवी. गेंड्याचं कातडं आता विसरा, म्हशीचं उत्तम.

आता तलवार. भिंतीवर लावायची, मिरवणुकीत धरायची की खेळायची, हे आधी ठरवा. स्टेनलेसचं पातं आघाताला तुटतं, आणि त्यातही मुठीच्या आत बारीक बोल्ट वेल्ड केलेला असला तर पातं उडून बघ्यांत जाऊ शकतं. खेळायला स्प्रिंग स्टीलच हवं. ट्रकच्या पाट्यांना वापरतात तसलं, ईएन 45 म्हणून मागा. धार नको, कड निदान दोन मिलिमीटर जाड आणि टोक गोल. वजन दीड किलोच्या पुढे गेलं तर करणाऱ्याने पातं पुरतं घासलेलं नाही असं समजा. आपल्याकडे मूठ परंपरेने लाखेने बसवतात. ती रीत अस्सल आहे, पण लाख उष्णतेने मऊ होते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडलेली तलवार सोहळ्यात मुठीतून हलायला लागते. खेळायच्या तलवारीला लाखेबरोबर आरपार खिळाही मारून घ्या. पात्यावर लाटालाटांची नक्षी दाखवून कोणी 'जुनं जोहरदार पोलाद' म्हणून भाव चढवला तर सोडून द्या, बहुतेक वेळा ती ॲसिडने उठवलेली असते.

कारागीर शोधायला उदयपूर-सिरोहीकडे विचारा. डेहराडूनचे कारखाने निर्यातीचा माल करतात, पण त्यात युरोपी घाट जास्त. मराठा मूठ हवी असेल तर संग्रहालयातल्या मुठीचे चहूबाजूंनी फोटो आणि मापं पाठवा, नुसतं 'मराठा स्टाइल' म्हटलंत तर राजपूत मूठ येईल. दांडपट्टा मात्र आखाड्यात शिकलेल्याच्याच हाती द्या.

चिलखताच्या कड्या नुसत्या टोकाला टोक भिडवलेल्या असतील तर ओढल्यावर उघडतात. रिव्हेटच्या कड्यांचं महाग पडतं. साध्या मावळ्याला त्याची गरजही नाही.

शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारं येतात. शिवाय सणासुदीला पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावात हत्यारं, काठ्यासुद्धा, बाळगायला बंदी घालतात. बोथट आहे हे नाक्यावर पटवत बसण्यापेक्षा आयोजकांचं पत्र आणि हत्यारांची यादी घेऊन आधीच पोलीस ठाण्यात जा, परवानगी लेखी घ्या आणि प्रवासात सगळं म्यानासकट बांधून ठेवा.