लेकीला तैवानला पाठवू का?

प्रश्न : मुलगी इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई आहे. तैवानमध्ये शिन्चूच्या विद्यापीठात सेमीकंडक्टर विषयात मास्टर्ससाठी शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळालाय. पण चीनने हल्ला केला तर? घरचे म्हणतात, त्यापेक्षा कर्ज काढून अमेरिकेला जाऊ दे. — एक आई, सांगली

नमस्कार ताई,

तुमची भीती उगाच नाही. चीन तैवानला आपला प्रांत म्हणतो आणि बळ वापरणार नाही, असा शब्द द्यायला तयार नाही. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानच्या राजधानीत, तैपेईला जाऊन आल्या आणि चिनी सैन्याने बेटाच्या चहूबाजूंनी सराव करत क्षेपणास्त्रं डागली. पुढे काय होईल, हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला फी देऊ नका.

पण अमेरिकेचा हट्ट मला पटत नाही. सर्वांत प्रगत चिप्स बहुतांश तैवानात बनतात. शिन्चूचं सायन्स पार्क 1980 चं, चिप्स बनवणारी टीएसएमसी कंपनी 1987 ची, आणि विद्यापीठं पार्कला खेटूनच. चीन-तैवानच्या या ओढाताणीमुळेच तर आता प्रत्येकाला फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, आपल्या दारात हवाय. टीएसएमसी ॲरिझोना, कुमामोतो, ड्रेस्डेनला गेली. आपल्याकडे गुजरातेत धोलेऱ्यात टाटांचा 91,000 कोटींचा प्रकल्प आहे, त्यात तंत्रज्ञान शिन्चूच्याच पीएसएमसी या चिप कंपनीचं. ज्या भांडणाची तुम्हाला धास्ती वाटते, त्यानेच तिच्या शिक्षणाचा भाव वाढवलाय.

एक गोष्ट खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात मुलीला काय हवंय, हे कुठेच नाही. तिला चिपचं डिझाइन करायचं असेल तर बंगळूर-पुण्यातही भरपूर वाव आहे, त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही. प्रोसेसमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चिप बनवण्यात, जायचं असेल तर शिन्चूला तोड नाही, पण ते काम तिला माहीत हवं. डोळे सोडून सगळं अंग झाकणारा सूट, लिथोग्राफी विभागात, म्हणजे उजेडाने चिपची नक्षी उमटवतात तिथे, सतत पिवळा उजेड (निळ्या-जांभळ्या उजेडात सिलिकॉनच्या चकतीवरचा रेझिस्ट नावाचा लेप खराब होतो), आणि मध्यरात्री मशीन अडलं की फोन. काहींना यातच मजा येते, काही वर्षभरात कंटाळतात.

भारताचा तैवानात दूतावास नाही, ते काम तैपेईतली इंडिया तैपेई असोसिएशन बघते. पोहोचल्याबरोबर तिथे नोंद करायला सांगा. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा. व्हिसाची चौकशी मुंबईतल्या तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरमध्ये करा, ते ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालंय. वर्ग इंग्रजीत असले तरी कंपनीत मँडरिन लागतं, त्याचा क्लास आत्ताच लावा.

होकार कळवण्याआधी तिने विद्यापीठाला एक मेल टाकावा : प्रबंधासाठी क्लीन रूममध्ये, म्हणजे चिप बनवण्याच्या धूळमुक्त खोलीत, हाताने काम करायला मिळेल, की नुसतं सिम्युलेशन? हाताने काम असेल तर बेलाशक पाठवा. नुसतं सिम्युलेशन असेल तर माझंही मत बदलेल, मग इथल्या आयआयटीचा विचार करा.