दूध पुरत नाही म्हणताय सगळे, पण आधी हे बघ

ताई, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाळ बारा दिवसांचं, तू चोपड्याजवळ माहेरी, जन्माचं वजन २.८ किलो होतं आणि पाचव्या दिवशी २.६ भरलं, तेव्हापासून घरात एकच चालू की दूध पुरत नाही, आजी म्हणतेय उन्हाळा आहे पाणी पाज, सासूबाई फोनवर पावडरचा डबा आणायला सांगताय, आणि तू विचारतेयस जवळपास कोणी मदतीला मिळेल का. मिळेल. पण आधी वजनाचं बोलू कारण सगळी भीती तिथूनच सुरू झालीय.

२०० ग्रॅम कमी म्हणजे सात टक्के. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, साधारण दहा ते चौदा दिवसांत परत जन्माइतकं होतं आणि पुढे रोज २५-३० ग्रॅम वाढतं. म्हणजे पाचव्या दिवसाच्या त्या एका आकड्यावरून दूध कमी आहे असं कोणीच म्हणू शकत नाही. तू काय मोजायचं तर लघवी, २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा होते का, शी पिवळी झालीय का, आणि पाजताना गिळल्याचा आवाज येतो का. रडण्यावरून दूध मोजू नको. ८ ते १२ वेळा पाजावं लागणं नॉर्मल आहे, संध्याकाळी तर काही बाळं अर्ध्या-अर्ध्या तासाला मागतात आणि मग शेजारची येऊन म्हणतेच, दूध पुरस नही व माय.

आता खरी गोष्ट, बाळ स्तन कसं पकडतंय. बाजेवर बसून पुढे वाकून पाजत असशील तर पाठ भिंतीला टेक, मांडीवर उशी घे, बाळ तुझ्याकडे वर आलं पाहिजे, तू त्याच्याकडे वाकायचं नाही. त्याचं पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं, मान न वळवता सरळ. स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठाला लाव आणि थांब, घाई करू नको, जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की चटकन जवळ घे, हनुवटी आधी टेकली पाहिजे, आणि नुसतं टोक नाही तर खालच्या बाजूचा काळा भाग जास्त आत गेला पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला दिसेल. आधी भराभर चोखेल, मग दूध उतरलं की संथ, लांब ओढ आणि गिळल्याचा बारीकसा आवाज. चिरा पडल्यात, दुखतंय असं लिहिलंयस ना, ते बहुतेक नुसतं टोक चोखल्यामुळेच, आणि टोक चोखून बाळाला दूधही नीट मिळत नाही. दूध निघेल तसं नवीन बनतं, म्हणून वरचं दूध दिलं की तेवढं तुझं पाजणं कमी होतं आणि मग दूध खरंच कमी होत जातं.

पाण्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, आजीची काळजी खोटी नाहीये. पण आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, म्हणून सहा महिने वेगळं पाणी नको, घुटी नको, मध तर वर्षभर नकोच. उन्हात बाळाला जास्त वेळा पाजायचं. आणि पाणी प्यायचं ते तू! बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं पथ्य या उन्हात मला अजिबात पटत नाही. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर जरूर खा, पण भाकरीसोबत वरण, भाजी, दूध, फळं सगळं पोटभर पाहिजे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्या बायकांनाही बाळाला सर्दी होईल म्हणून केळं देत नाहीत, फार वाईट वाटतं बघून.

आता मदत. आशाताईचा नंबर असेलच. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने घरी यायचं असतं, वजन, ताप, पाजणं बघायला. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून करून दाखवली आणि २०११ पासून सरकारने देशभर घेतली. आली नसेल तर हक्काने फोन कर. सरकारचा स्तनपानासाठीचा २०१६ चा 'मा' कार्यक्रम आहे, त्यातही आशाताईने गरोदर आणि पाजत्या बायांच्या बैठका घ्यायच्या असतात. तुमच्या अंगणवाडीत विचार.

आम्ही अमळनेरला गल्लीतल्या पाच-सहा जणी दुपारची कामं आटोपली की अंगणवाडीत बसतो, लेकरं घेऊन. भाषण वगैरे काही नाही. एक पाजते, दुसरी बघते. पण आमचा एक नियम आहे, सोबत सासू किंवा आई पाहिजेच. कारण सुनेला कितीही शिकवलं तरी घरी गेल्यावर तिचं ऐकतं कोण? एकदा एक आजी तावातावाने आल्या की पोऱ्या उपाशी आहे, आम्ही त्यांना नुसतं नातवाच्या कानाजवळ वाकून गिळणं ऐकायला लावलं. बराच वेळ वाकून राहिल्या. नंतर त्याच दुसऱ्या बायांच्या मागे उशा लावायला लागल्या आणि आता नवीन बाळंतीण कुठे आहे ते आम्हाला त्याच सांगतात. म्हणून आजीशी भांडू नको, तिला कामाला लाव. रात्री पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेणं, तुला पाणी आणून देणं, पाहुण्यांना बाहेरच बसवणं, हे तिच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही.

पावडरबद्दल सासूबाईंना सांग की डॉक्टरने बाळ तपासून, कारण सांगून लिहून दिली तर आपण देऊच, काही बाळांना खरंच लागते आणि त्यात आईचा काही कमीपणा नाही. पण अंदाजाने नको. १९९२ च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात आणि फुकट सॅम्पल दोन्ही बंद आहेत, कोणी फुकट दिला तर घेऊ नको.

आणि हे मात्र घरी थांबून बघायचं नाही: बाळ सुस्त पडलंय, पाजायला उठतच नाही, लघवी कमी झाली, ताप आला किंवा अंग गार पडलं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर लगेच दवाखाना, गाडी नसेल तर १०८. तुला थंडीताप आणि स्तनात लाल दुखरी गाठ आली तरी डॉक्टरकडे जा, पण पाजणं थांबवू नको.

परवा चौदावा दिवस आहे. आशाताई येईल तेव्हा आई-आजीलाही शेजारी बसव, तिच्यासमोर पाज, तिला पकड बघायला सांग, मग वजन. आकडा कळला की लिही, कमी आला तरी लिही, त्याप्रमाणे पुढचं सांगते.