कोरीव तुकड्याची नोंद करताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अथेन्सच्या अगोरातील, म्हणजे तिथल्या प्राचीन बाजारचौकातील, कोरीव तुकड्यांच्या नोंदीचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून फार आनंद झाला. ग्रीक वाचता येते तेवढे पुरेल का, असे तू विचारले आहेस. वाचता यायला हवेच. पण तुकडा हातात आला की आधी दगड पाहा, मग अक्षरे पाहा आणि मजकुराकडे सर्वांत शेवटी वळ.

तिथे 1931 पासून अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज या अथेन्समधील अभ्यास संस्थेचे उत्खनन चालू आहे. शिलालेखाच्या क्रमांकाआधी आय, मातीच्या भांड्याच्या आधी पी, दिव्याच्या आधी एल, ही पद्धत तुला दोन दिवसांत अंगवळणी पडेल. जागेची नोंद मात्र त्याच दिवशी व्हायला हवी. इ. स. 267 मध्ये हेरुली टोळ्यांनी शहराची नासधूस केल्यानंतर जी तटबंदी उभी राहिली, तिच्यात जुन्या इमारतींचे दगड आणि शिलालेख सर्रास बसवलेले आहेत. म्हणून तुकडा सापडला ती जागा आणि लेख मुळात उभा होता ती जागा, या दोन गोष्टी नोंदीत कधीही एक होऊ देऊ नकोस.

उमेदीच्या काळात एका उत्खननात मी संगमरवराच्या तुकड्यापुढे ‘डावी कड शाबूत’ असे लिहिले होते. ती कड मूळची नव्हतीच; भिंतीत बसवताना कुणी गवंड्याने ती तासली होती, आणि टाकीच्या खुणांमध्ये चुना तसाच अडकलेला होता. मी तो पाहिला आणि त्याचा विचारच केला नाही. स्तोईखेदोन पद्धतीच्या लेखात प्रत्येक अक्षर वरच्या अक्षराच्या बरोबर खाली येते, त्यामुळे एका ओळीची लांबी कळली की सगळ्या ओळींची कळते. पण कडच चुकीची धरली तर ती सगळी मोजणी चुकते. माझ्या त्या दोन शब्दांमुळे जुळणारा दुसरा तुकडा कित्येक वर्षे वेगळाच राहिला, याची खंत मला आजही आहे.

ठसा घेताना आपल्याकडची सवय बाजूला ठेव. आपण कागदावर शाई फिरवतो. तिथे ओला गाळणकागद दगडावर ठेवून ताठ ब्रशने ठोकतात आणि वाळू देतात, मग दगडाला लागलेल्या बाजूला अक्षरे उलटी उठून दिसतात. त्यावर तिरपा प्रकाश टाकून वाच. वाचन लिहिताना 1931 साली लायडनमध्ये ठरलेले संकेत काटेकोरपणे पाळ: अनिश्चित अक्षराखाली टिंब, आणि दगडावर नसून आपण भरलेले अक्षर चौकटी कंसात. कंस गळला की आपला तर्क पुरावा होऊन बसतो.

लहान वस्तूंनाही हाच नियम लावावा. अथेन्समध्ये एखाद्याला हद्दपार करायचे की नाही, यासाठी लोक खापरावर त्याचे नाव कोरून मत देत. अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या नेत्याचे नाव कोरलेली अशी सुमारे 190 खापरे मिळाली. एकेक खापर म्हणजे नुसते एक नाव. पण ती एकत्र राहिली, म्हणूनच त्यांवरची अक्षरे अवघ्या 14 जणांच्या हातची आहेत, म्हणजे खापरे मतदारांना वाटण्यासाठी आधीच तयार करून ठेवलेली असावीत, हे उमगले.

पहिल्या दहा नोंदी मला पाठव. त्यांत मापे, कडा, पाठीमागची बाजू, अक्षरांची उंची आणि जागा असू दे. वाचन नंतरच्या पत्रात.

तुझा,
सर